पफ काढायला वीस मिनिटे, सोडवायला कोण?

तुळशीचे लग्न लागले की ठाणे पूर्वेच्या कोपरीत पार्लरच्या तारखा भरू लागतात. नवरीचे पॅकेज ठरते. मेकअप, साडी नेसवणे, हेअरस्टाइल, गजरा माळणे. माथ्यावर उंच पफ, मागे अंबाडा, वर स्प्रेचा फवारा. दिवसभर एक केस हलत नाही. मग मध्यरात्री पॅकेजमध्ये नसलेले काम सुरू होते. दमलेली नवरी आरशासमोर बसते, पिना ओढून काढते, कडक झालेल्या पफमध्ये फणी घालते आणि फणीत केसांचा पुंजका येतो.

दोष पफला दिला जातो. पण केसांचे मोठे नुकसान बहुतेक वेळा पफ घाईत सोडवताना होते. म्हणूनच सोडवणे हाही हेअरस्टाइलचाच भाग मानला पाहिजे आणि पार्लरने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे.

पफ उभा कसा राहतो?

केसावर बाहेरून अतिसूक्ष्म खवल्यांचे थर असतात. कौलारू छपरासारखे ते एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. एक केस चिमटीत धरून मुळाकडून शेंड्याकडे बोटे फिरवली तर गुळगुळीत लागतो, उलट फिरवली तर किंचित अडखळतो. शेजारच्या चेंदणी कोळीवाड्यात हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. माशावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की खवले बोचतात, तसेच हे.

बॅककोम्बिंगमध्ये, म्हणजे उलटा कंगवा फिरवताना, काही केस मुळाकडे ढकलले जातात. त्यांचे खवले एकमेकांत अडकतात आणि मुळाशी छोटी गादी तयार होते. वरचे केस तिच्यावर पसरले की पफ दिसतो. थोडक्यात, पफ म्हणजे मुद्दाम केलेला गुंता. खवले अडकले नाहीत तर पफ टिकणार नाही, आणि जोरात ओढले तर ते उचकटणार. केस ही मृत रचना आहे. एकदा उचकटलेला खवला त्वचेवरच्या जखमेसारखा भरून येत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब केसाचा शेंडा जवळपास पावणेचार वर्षांचा असतो. एका रात्रीच्या घाईत तुटलेली लांबी परत यायलाही तेवढाच काळ लागू शकतो.

ही फॅशन आली कुठून?

१९६० मध्ये शिकागोच्या केशरचनाकार मार्गारेट विन्ची हेल्ट यांनी 'बीहाइव्ह' ही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच रचना केली. त्याच दशकात हिंदी पडद्यावरही उंच केशरचनांची लाट आली. १९६७ च्या 'अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस'मधल्या शर्मिला टागोर अनेकांना त्यासाठीच आठवतात. तो पफ अजून लग्नाच्या हॉलमध्ये टिकून आहे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पातळ केसांच्या मुलीला एक दिवस केस भरगच्च दिसावेत असे वाटले, तर त्यात वावगे काय?

कमीत कमी नुकसान कसे होईल?

केस पूर्ण कोरडे हवेत. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. उलटा कंगवा फक्त माथ्याच्या भागात, आतल्या बटांनाच फिरवावा. दोन बोटे रुंदीची बट सरळ वर धरावी, मुळापासून चार-पाच बोटांवर बारीक दातांचा कंगवा ठेवून मुळाकडे ढकलावा, बाहेर काढावा आणि पुन्हा तसेच करावे. असे दोन-तीन वेळा पुरे. कंगवा वर-खाली घासायचा नाही. तसे केले की गादीऐवजी जट तयार होते. शेंड्यांना हात लावू नये, कारण ते सर्वांत जुने आणि कमकुवत असतात.

पफ मोठा हवा असेल तर जास्त विंचरण्यापेक्षा आत स्टफिंग घालणे बरे. रोलर लावूनही मुळाशी उठाव मिळतो. स्प्रे बेताने मारावा, आणि तो वाळेपर्यंत होम किंवा निरांजनाजवळ जाऊ नये. बहुतेक स्प्रे ज्वलनशील असतात.

ब्लीच, स्ट्रेटनिंग किंवा स्मूदनिंग केलेल्या केसांवर बॅककोम्बिंग टाळलेलेच चांगले. त्यांचे खवले आधीच दुबळे झालेले असतात. कपाळाच्या कडेचे केस विरळ होत असतील तर घट्ट अंबाडाही नको. मुळांवर वारंवार ताण पडला तर केस गळतात आणि ताण वर्षानुवर्षे राहिला तर ते पुन्हा येत नाहीत.

सोडवायचे कसे?

आधी सगळ्या पिना काढाव्यात. घालताना मोजलेल्या असतील तर एखादी आत राहत नाही. केस लगेच धुऊ नयेत. गुंता तसाच ठेवून शाम्पू चोळला की तो आणखी आवळतो. स्प्रेमधला पॉलिमर केसांना एकमेकांना चिकटवून ठेवतो, म्हणून केस थोडे दमट करून भरपूर कंडिशनर लावावा आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. कंडिशनरमुळे घर्षण कमी होते. मग बोटांनी गुंता सैल करावा. त्यानंतर रुंद दातांचा कंगवा आधी शेंड्यांना, मग मध्ये, शेवटी मुळाशी. मुळापासून खाली ओढणे ही सर्वांत मोठी चूक. सगळे सुटले की धुवावे.

कंडिशनर नसेल तर घरातले खोबरेल तेल आहेच. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलने कमी झाली, इतर दोन्हींनी नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही आजीच्या सवयीला यातून आधार मिळतो.

मग जबाबदारी कोणाची?

पार्लरचालक म्हणतील, समारंभ संपतो रात्री, तेव्हा नवरीसोबत कोण थांबणार? अडचण खरी आहे. पण उपाय अवघड नाही. पॅकेजमध्ये दुसऱ्या दिवशीची केस सोडवून धुण्याची वेळ धरता येईल. नवरी सासरी दूर जाणार असेल, तर हेअरस्टाइल करतानाच करवलीला शेजारी बसवून पिना कुठे आहेत, गादी कुठे आहे हे दाखवता येईल. त्याला दहा मिनिटे लागतात. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे आणि गल्लोगल्ली खासगी क्लास आहेत. तिथे प्रात्यक्षिकाचे गुण केस उभे करण्याइतकेच सुखरूप मोकळे करण्यालाही असावेत.

ग्राहकांनीही बुकिंग करतानाच विचारावे, 'सोडवून कोण देणार?' हजारो रुपयांच्या पॅकेजमध्ये हा प्रश्न फुकट आहे. पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण जात असे. आज ती जात नसेल, तर त्या रात्री पफ सोडवायला एक जाणता हात तरी सोबत असावा.