वाड्याचे माजघर

चिंचवडगावातील चापेकर वाडा पाहावयास येणाऱ्या शाळकरी मुलांना पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, ती २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतील रात्र तोंडपाठ असते. परंतु ज्या संतापातून त्या रात्रीचा बार उडाला, त्याच्या मुळाशी स्त्रीदेहाच्या विटंबनेचा प्रश्न होता, ही गोष्ट आपण ‘प्लेगच्या काळातील जुलूम’ अशा मोघम शब्दांत उरकून टाकतो. रँडच्या अमदानीत झडतीस आलेले गोरे शिपाई देवघरापर्यंत शिरतात, बायकांना चारचौघांत उभे करून त्यांच्या अंगावरील गाठी तपासतात, अशा फिर्यादी होत्या. दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा आरोप गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत उच्चारला, पण माहिती देणारे पुराव्यानिशी पुढे येईनात, तेव्हा स्वदेशी परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. जबानी द्यावी तर घराण्याची अब्रू जाते आणि न द्यावी तर गुन्हाच नाहीसा होतो, हा त्या काळचा पेच त्या माफीपत्रात जितका उघडा पडतो, तितका कोणत्याही पुतळ्यात पडणार नाही.

आणि ही अब्रू मोठी विलक्षण वस्तू होती. त्याआधी सहाच वर्षे, १८९१ साली, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्याविरुद्ध पुण्यात केवढे काहूर उठले होते! चापेकर बंधूंतील थोरले दामोदरपंत यांचे तुरुंगातील आत्मवृत्तही सुधारकांविषयीचा तिटकारा लपवीत नाही. परक्या शिपायाचा हात लागताच पेटून उठणारा समाज अकरा वर्षांच्या पोरीला नवऱ्याच्या स्वाधीन करताना मात्र शास्त्राधार धुंडाळीत होता. त्याच शहरात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ पासून आपल्या घरी फसलेल्या विधवांची गुप्तपणे बाळंतपणे केली, हेही याच इतिहासाचे पान आहे.

हुतात्म्यांच्या वास्तूत असला विषय कशाला, असे कोणी विचारील. शिकागोच्या हल-हाउस संग्रहालयाने समाजसुधारक जेन ॲडम्स यांच्या जिवलग सहचारिणीच्या तसबिरीखाली त्या नात्याविषयी काय लिहावे, हे प्रेक्षकांनाच विचारले, तेणेकरून ॲडम्सबाईंची थोरवी तसूभरही उणावली नाही. चापेकर बंधूंचे धैर्य इतके तकलादू खासच नाही.

स्मारक समितीने आणि महापालिकेने त्या वाड्यात एक दालन झडतीच्या फर्मानाला, संमतिवयाच्या वादाला आणि फाशी गेलेल्या भावांमागे घरात उरलेल्या स्त्रियांना द्यावे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या, परगावाहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलींनी ते आधी पाहावे; ‘अब्रू’च्या नावाने त्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब आजही मागितला जातो.