टायरची जन्मतारीख

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.' ही म्हण आपल्या मेसच्या पनीरला लागू आहेच, पण तिच्यापेक्षाही जास्त ती लागू आहे टायरला!

मित्रमैत्रिणींनो, विषय थोडा परदेशी आहे, पण शेवटी आपल्या पार्किंगमध्येच येऊन थांबणार आहे. अमेरिकेत मोटारहोम नावाचा एक प्रकार असतो. बसएवढी गाडी आणि आत पलंग, किचन, बाथरूम असा सगळा संसार. रिटायर झालेली कितीतरी जोडपी त्यातून देश हिंडतात. पण हिंडतात वर्षातले काही आठवडे, बाकीचे महिने गाडी एका जागी उभी. त्यामुळे सात-आठ वर्षं झाली तरी टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी! मोठ्या मोटारहोमला सहा टायर, तेही ट्रकचे. सगळा सेट बदलायचा तर खर्च हजारो डॉलरचा. मग मालकाला प्रश्न पडतो, चांगले दिसणारे टायर फेकायचे तरी का?

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. हा निर्णय डोळ्यांनी घ्यायचा नाही, कॅलेंडर बघून घ्यायचा. आणि ती तारीख टायर नवीन असतानाच ठरवून ठेवायची.

आता कारण. टायर दोन प्रकारे संपतो, एक झिजून आणि दुसरा म्हातारा होऊन. झीज दिसते, म्हातारपण बरेचदा दिसत नाही. आत कोंबलेल्या हवेतला ऑक्सिजन रबरातून हळूहळू बाहेर झिरपतो आणि जाता जाता रबराला कडक करतो. रबर आणि आतले स्टीलचे पट्टे यांची पकड सुटायला लागते. बाहेरून ऊन आणि ओझोन आपलं काम करतच असतात. यावर उपाय म्हणून कंपनी रबरात मेण आणि काही रसायनं मिसळते. टायर फिरताना दबतो, वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येऊन रबराचं रक्षण करतात. म्हणजे गंमत बघा, उभ्या गाडीचा टायर 'आराम' करत नसतो. चालत्या टायरला जे संरक्षण मिळतं, तेच त्याला कमी मिळतं! त्यात मोटारहोमचं वजन जवळजवळ टायरच्या क्षमतेइतकं. साइडवॉलवर भेगा दिसल्या तर टायर बदलायचाच. पण भेगा नाहीत म्हणून आतून सगळं ठीक आहे असं सर्टिफिकेट कोणी देऊ शकत नाही.

मग वय कळणार कसं? त्यासाठी मेकॅनिकलला ॲडमिशन घ्यायची गरज नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्याला सरळ नमस्कार करा! दुकानात 'नवीन' म्हणून घेतलेला टायरही तिथे दोन-तीन वर्षं पडून असू शकतो, म्हणून बिलाची तारीख धरू नका, जन्मतारीख धरा.

किती वर्षं? मिशेलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनी, नक्षी शिल्लक असली तरी, निरोप. काही कार कंपन्या तर सहा वर्षांनीच बदला म्हणतात. जड गाडी, उष्ण प्रदेश आणि जास्त वेळ उभी, असं असेल तर मी सात म्हणेन. आणि स्टेपनीलाही तोच न्याय.

'कंपन्यांना टायर विकायचेत, त्या असंच सांगणार' असं आमच्या वर्गातले हुशार लोक लगेच म्हणतात. शंका रास्त आहे. पण सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये काय झालं ते ऐका. आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलला परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघं गेले. त्यातला एक मुलगा १८ वर्षांचा होता. टायर १९ वर्षांचा होता! नक्षी मात्र कायद्यात बसणारी होती. त्याच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी आली. टायर विकायला निघालेली बाई नव्हती ती.

'पण आपल्याकडे कुठे मोटारहोम?' येतायत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. शिवाय उभ्या राहणाऱ्या गाड्या आपल्याकडे कमी का आहेत? सुट्टीत झाडाखाली उभी असलेली कॉलेजची बस, इंडस्ट्रियल व्हिजिटच्या सीझनपुरतीच बाहेर निघणारी भाड्याची बस, मालक घरी गेल्यावर महिनाभर पार्किंगमध्ये धूळ खाणारी बाइक. आपला नियम चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटर आहे का ते बघतो. ते हवंच, पण जन्मतारीख बघणार कोण?

उष्णतेचं तर विचारूच नका. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००८ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे दिले होते. कंपनीचे फक्त २७ टक्के ग्राहक टेक्सास, ॲरिझोनासारख्या पाच उष्ण राज्यांत, पण टायरचे ७७ टक्के क्लेम तिथलेच, आणि त्यातले ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरचे. बारावीच्या केमिस्ट्रीत दहा अंश तापमान वाढलं की रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो हे आपण पाठ केलंय ना? मग नागपूरचा मे महिना आठवा.

खर्चाचा मुद्दा मला कळतो. पण सात वर्षांनी येणारा खर्च हा काही अचानक आलेला पाहुणा नाही, त्याची तारीख पहिल्या दिवशीच माहीत असते. दरवर्षी थोडे पैसे बाजूला ठेवता येतात. ते केलं नाही की मग 'अजून एक सीझन जाईल' सुरू होतं, आणि ते वाक्य दरवर्षी खरं वाटतं, जोपर्यंत टायर फुटत नाही तोपर्यंत. शिवाय ते बोलणारा एकटा असतो, आत बसलेले चाळीस जण असतात.

म्हणून पुढच्या ट्रिपला बसमध्ये खिडकीची सीट पकडायच्या आधी दोन मिनिटं खाली वाका आणि पुढच्या टायरवरचे चार आकडे वाचा. आणि उत्तर दोन आकडी आलं, तर ड्रायव्हरकाकांशी नाही, सरांशी आणि बसमालकाशी बोला. काका बिचारे आपल्याबरोबरच बसणार आहेत, तेही सगळ्यात पुढे!