हवाई अंतराचे फर्मान

महाराष्ट्र शासनाच्या सहकार व पणन विभागाचे मंत्री व सचिव महोदय यांस,

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधील हवाई अंतराच्या अटीविरुद्ध आम्ही शेळगावकर ऊस उत्पादकांनी आजवर ठिकठिकाणी केलेले अर्ज कोणकोणत्या दप्तरांत विसावले आहेत, याची चौकशी आम्ही सोडून दिली आहे. पोच तेवढी तत्परतेने मिळते. परंतु पोचेवरच्या शिक्क्याने ऊस गाळला जात नसल्यामुळे ही दरखास्त यापुढे उघड्यावर, सर्वांच्या देखत करणे आम्हांस भाग पडले आहे.

१९९८ साली केंद्र सरकारने साखरधंदा परवानापद्धतीतून मोकळा केला, तेव्हा ज्याच्या अंगी भांडवल व धाडस असेल त्याने कारखाना काढावा आणि ज्याचा काटा व दर चोख असेल त्याने ऊस न्यावा, अशी सरळ व्यवस्था येईल असे आमच्यासारख्या भोळ्यांना वाटले होते. परवाना गेला, अंतर मात्र राहिले. दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवे ही अट २००६ च्या दुरुस्तीने आदेशात पक्की बसली, त्याहून अधिक अंतर ठरविण्याची मुभा राज्यांस मिळाली, आणि त्या मुभेचे सोने करीत महाराष्ट्राने २०११ साली १५ चे २५ केले. ही दहा किलोमीटरांची वाढ कागदावर किरकोळ दिसते खरी. पण १५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस किलोमीटर आणि २५ किलोमीटर त्रिज्येचे सुमारे १,९६३, म्हणजे लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी प्रत्येक जुन्या कारखान्याभोवतीचा निषिद्ध मुलूख जवळजवळ पावणेतीन पट झाला. या वर्तुळाबाहेर जागा शोधून जो कोणी नवा कारखाना काढू म्हणेल, त्याने भारतीय सर्वेक्षण विभागाकडून अंतर मोजून घ्यावे, १ कोटी रुपयांची हमी ठेवावी, दोन वर्षांत ठोस पावले टाकावीत व चार वर्षांत उत्पादन सुरू करावे. जो आधीच आत बसला आहे त्याला गाळपक्षमता दुप्पट-तिप्पट करताना या अंतराची आडकाठी नाही. अधिक बहारीची गोष्ट पुढेच आहे. ज्या कारखान्याने लागोपाठ पाच हंगाम गाळप केलेले नाही त्यालाच तेवढे 'विद्यमान कारखाना' या व्याख्येतून वगळले आहे. अर्थात चार हंगाम बंद पडलेला, गव्हाणीत गवत माजलेला कारखाना एक टिपरू न गाळता आपले १,९६३ चौरस किलोमीटर राखीत बसू शकतो. मेल्यानंतरही हद्द सांभाळण्याची अशी सोय संस्थानिकांनासुद्धा नव्हती.

या अटीवाचून कारखान्यांना पुरेसा ऊस मिळणार नाही, ते आजारी पडतील आणि त्यांत गुंतलेला जनतेचा पैसा बुडेल, असे तिचे समर्थन केले जाते. गिऱ्हाईक फुटेल म्हणून शेजारच्या दुकानदाराला टाळे लावण्याचा न्याय दुसऱ्या कोणत्या धंद्यात चालतो, हे आम्हांस ठाऊक नाही. दुधात तर तो चालत नाही. १९९२ च्या दूध व दुग्धपदार्थ आदेशाने डेअऱ्यांना दूधक्षेत्रे वाटून दिली होती. तोही आदेश, ऊस आदेशासारखाच, जीवनावश्यक वस्तू कायद्याचे अपत्य. २००२ साली ती वाटणी केंद्राने काढून टाकली, आणि आज आमच्या भागातला गवळी सकाळी एका डेअरीच्या फॅटवर नाखूश झाला तर संध्याकाळची कॅन दुसरीकडे घालतो. ऊस असा हलत नाही. तोडल्यापासून चोवीस तासांत त्याचे वजन व साखर उतरू लागते, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच एफआरपीतून, म्हणजे रास्त व किफायतशीर दरातून, वजा होतो. म्हणजे ज्या मालाला अंतराची झळ सर्वांत अधिक, त्याच मालाचे गिऱ्हाईक सरकारने अंतर लावून दूर ठेवले आहे.

स्पर्धेने काय होते हे आम्हांस पुस्तकातून शिकावयाचे नाही. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा खासगी कारखाना, एवढी धुराडी बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत आहेत. आजचा २५ किलोमीटरचा नियम त्यांच्या जन्मवेळी लागू असता तर यांपैकी किती जणांची पायाभरणी झाली असती, हे आपल्या विभागाने एकदा नकाशावर कंपास ठेवून पाहावे. ज्या हंगामात ऊस कमी असतो त्या हंगामात कारखान्यांच्या शेतकी खात्याची माणसे आदल्या रात्री टोळी घेऊन बांधावर हजर असतात आणि दराची बोलीही गोड होते. ऊस उदंड झाला की तीच माणसे 'गेटकेन (कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस) घेत नाही' म्हणून पाठ फिरवितात. मग आडसाली उसाला तुरा येतो, आतून दशी पडते, जुलैतली नोंद गट कार्यालयाच्या वहीत तशीच राहते, मुकादम एकरी खुशाली सांगतो, ट्रॅक्टरवाला खेपेमागे 'एन्ट्री' म्हणून वरचे पैसे मागतो, आणि आम्ही ते मुकाट्याने देतो, कारण मार्च उजाडलेला असतो. कारखान्यांनी गजबजलेल्या आमच्या पट्ट्यात ही अवस्था. जेथे वर्तुळात एकच कारखाना आहे तेथील शेतकऱ्याने काय करावे?

डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने २०१२ साली ही अंतराची अट काढून टाकावी असे स्पष्ट सुचविले होते. त्याच अहवालातील लेव्ही साखर (सरकारला सक्तीने द्यावयाचा वाटा) आणि खुल्या विक्रीचा कोटा या कारखानदारांच्या पायांतील बेड्या २०१३ साली तुटल्या; शेतकऱ्याच्या गळ्यातला फास मात्र 'राज्यांनी निर्णय घ्यावा' म्हणून आपल्याकडे पाठविण्यात आला, आणि आपण तो घेतलाच नाही. पुढे २०१८ साली साखर कोसळताच कारखानदारच महिन्याचा कोटा आणि किमान विक्री किंमत यांच्या आश्रयास आले. म्हणजे बाजार त्यांना वर चढताना हवा आणि खाली येताना सरकार हवे.

आपल्या विभागाचा स्पर्धेविषयीचा व शेतकऱ्याच्या पैशाविषयीचा कल इतरत्रही दिसला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये परराज्यात ऊस नेण्यावर बंदी आली आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे दोन तुकडे पाडणारा शासननिर्णय निघाला, तो मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. ज्या आदेशाच्या कलम तीनने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे, न दिल्यास १५ टक्के व्याज असे सांगितले आहे, त्याच्या त्या कलमाची अंमलबजावणी आरआरसीच्या (महसुली वसुली प्रमाणपत्राच्या) कागदापर्यंत पोहोचता पोहोचता हंगाम संपतो, आणि त्याच्याच अंतराच्या कलम सहा-अ ची अंमलबजावणी मात्र मीटरपर्यंत अचूक होते. कायदा एक, त्याची दोन कलमे, आणि दोहोंना लागणारा सरकारी वेग इतका भिन्न. हा योगायोग आहे असे मानण्याइतकी सभ्यता आमच्यापाशी आता उरलेली नाही. कारखान्यांच्या संचालक मंडळांतून विधिमंडळात आणि विधिमंडळातून संचालक मंडळांत जी ये-जा चालते, ती पाहता अंतर मोजणारा आणि ते अंतर हवे असणारा यांच्यामध्येच काही किलोमीटरांची अट घालावी, असे सुचविण्याचा मोह होतो.

सहकाराचा द्रोह केल्याचा ठपका आमच्यावर कोणी ठेवू नये. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना उभारला तो खासगी कारखानदारांच्या दराला आव्हान म्हणूनच. सहकार स्वतः स्पर्धक म्हणून जन्मला. शेतकरी नेते शरद जोशींनी झोनबंदीविरुद्ध, म्हणजे नेमून दिलेल्या कारखान्याबाहेर ऊस घालण्याच्या मनाईविरुद्ध, रान उठविले, ती नव्वदच्या दशकात उठली, आणि आपण तिला वर्तुळाचा आकार देऊन परत आणली.

आमची मागणी अनुदानाची नाही, वाढीव दराचीही नाही. २५ किलोमीटरची अधिसूचना मागे घ्यावी, आणि १५ ची अटही काढावी अशी राज्याची शिफारस केंद्राकडे धाडावी. तेवढे धैर्य होत नसेल तर निदान एवढे करावे, की ज्या कारखान्याने १४ दिवसांत एफआरपी चुकती केलेली नाही त्याचे वर्तुळ त्या हंगामापुरते रद्द समजावे. आणि या पत्रास उत्तर द्यावयाचे झालेच तर एकाच प्रश्नाचे द्यावे: २०११ साली १५ चे २५ करताना ऊस उत्पादकाचा कोणता लाभ नस्तीवर नोंदविला होता? ते पान आम्हांस नक्कल करून पाठवावे. नकलेचे शुल्क भरण्यास आम्ही तयार आहोत.

आपला,
शेळगाव, तालुका इंदापूर येथील एक ऊस उत्पादक सभासद