बाजारवार्ता : शेतीधंद्याचे एक भांडवल

बी, खत, पाणी, अवजारे व मजुरी ही शेतीची साधने होत, हे सर्वमान्य आहे. या यादीत नियमित वार्ता या आणखी एका साधनाची भर घातली पाहिजे. कोणत्या बाजारात किती माल आला व तो कोणत्या भावाने गेला हे जाणणे, आणि आपल्या मालाची हकीकत गिऱ्हाइकापर्यंत पोचविणे, या दोन्ही गोष्टींवर शेतकऱ्याच्या पदरी पडणारी रक्कम अवलंबून असते. परंतु पिकविताना जी दक्षता घेतली जाते, ती विकताना सहसा घेतली जात नाही.

वार्तेचे मोल किती असते, याचा बोलका दाखला केरळच्या किनाऱ्यावर मिळतो. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळातील तारली मासळीच्या बाजारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगरा येथे ११ कोळ्यांना गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे मासळी टाकून द्यावी लागली. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतील बाजारांत २७ खरेदीदार मासळीवाचून परतण्याच्या बेतात होते. माल होता आणि गिऱ्हाईकही होते; उणीव होती ती वार्तेची. पुढे २००१ सालापर्यंत किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. कोळी समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यास मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा, असे येथे घडले नाही.

टोमॅटो, मेथी, कोथिंबीर या मालाची स्थिती मासळीसारखीच आहे. तो थांबत नाही. म्हणून कोठे न्यावा, हे वार्तेवरून ठरवावे लागते. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. त्याच्या बाबतीत केव्हा न्यावा, हे ठरवावे लागते. चाळ बांधून वार्ता न ठेवणाऱ्याचा साठवणुकीचा खर्च अर्धा वाया गेला, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात ही वार्ता दुर्मीळ नाही. राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांचे भाव प्रसिद्ध करते. केंद्र सरकारची ‘ॲगमार्कनेट’ योजना २००० साली, तर ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय बाजार १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. अडचण आहे ती वार्ता वाचण्याची. भावाच्या तक्त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर व सर्वसाधारण दर असे चार आकडे असतात. पुष्कळ शेतकरी यांपैकी जास्तीत जास्त दर तेवढा लक्षात ठेवतात. समजा, तो क्विंटलला २,१०० रुपये आहे आणि सर्वसाधारण दर १,४०० रुपये आहे. २,१०० चा भाव कदाचित निवडक मालाच्या थोड्या वक्कलांनाच मिळालेला असेल. त्या भरवशावर दूरच्या बाजारी गाडी भरून नेणारा वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाता नुकसानीत येतो. यास्तव हिशेब सर्वसाधारण दरावर करावा.

सर्वांनाच भाव कळला तर सर्वच गाड्या एका बाजारी धावतील व भाव पडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय वार्ता टाळणे हा नसून, आवकेचा आकडाही वाचणे हा होय. भाव चढा आणि आवक रोज वाढती असेल, तर तो भाव टिकण्याचा संभव कमी. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर न विसंबता निदान आठवड्याचे आकडे ओळीने मांडून पाहावेत.

आता दुसरी बाजू. २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली. तेव्हापासून अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास संपादन करणे, हे शेतकरी गटांचे एक कामच झाले आहे. हा विश्वास जाहिरातीने येत नाही, तो नियमित हकिकतीने येतो. मोहोर केव्हा आला, शेवटची फवारणी कोणत्या औषधाची व कोणत्या तारखेस झाली, तोडणी केव्हा होणार, पेटीचा भाव काय, हे गटाने दर आठवड्यास मोबाइलवरून कळविले, तर गिऱ्हाईक मालाची वाट पाहते. गारपिटीने डाग पडले असतील, तर तेही आधीच कळवावे. लपविलेला दोष पेटी उघडताच दिसतो आणि पुढच्या हंगामाचे गिऱ्हाईक गमावले जाते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ने २००६ साली ‘ग्रेपनेट’ सुरू केले, त्यामागील तत्त्व हेच आहे. तेथे बागेची नोंद व औषधांच्या अंशाची तपासणी यांवाचून माल युरोपात जात नाही. नोंद हीच तेथे मालाची पत ठरते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने याबाबत तीन गोष्टी कराव्यात. गावातील मुख्य पिकाचे तीन बाजारांचे भाव व आवक रोज ठरावीक वेळी गटास कळवावी. प्रत्येक वार्तेवर तारीख व ती कोठून मिळाली हे लिहावे. तारीख नसलेला भाव पुढे धाडू नये. आणि गटातील एखाद्या लिहित्या तरुणावर किंवा तरुणीवर साप्ताहिक हकिकतीची जबाबदारी सोपवावी. चार आठवडे उत्साहाने लिहून पाचव्यास थांबण्यापेक्षा थोडे, पण न चुकता लिहिणे अधिक हिताचे.

या कामास फारसा पैसा लागत नाही, सातत्य लागते. ते ज्या गटाने राखले, त्या गटाला भाव विचारण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.