कोंडून नव्हे, कामात ठेवा

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना सुरक्षिततेसाठी घराबाहेर पडू देऊ नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. वाट चुकण्याची भीती खरी. खिशात नाव-फोनची चिठ्ठी हवीच. पण नावे, तारखा पुसल्या गेल्या तरी हातांची सवय बरीच टिकते. वाती वळणे, शेंगा सोलणे, भजनात टाळ धरणे पुष्कळांना जमते. टोकियोत २०१७ साली शिरो ओगुनी यांनी काही दिवसांपुरते उपाहारगृह चालवले. वाढपी स्मृतिभ्रंश असलेले. मागवले एक, आले भलतेच, तरी गिऱ्हाईक खूश! (आपल्याकडे स्मृती शाबूत असलेले वेटरही हेच करतात.) ज्येष्ठ नागरिक संघांनी अशा सभासदांची नावे पटावरून गाळू नयेत, सतरंज्या घालणे, प्रसाद वाटणे ही कामे, सोबतीला एकजण देऊन, त्यांच्याकडेच ठेवावीत.

— एक वाचक, पुणे