छोट्या शाळेचे बळ

रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवस्तीच्या अनेक शाळांत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसतात. पट कमी म्हणून या शाळा ओझे ठरवल्या जातात. आमच्या मते मुलाच्या कलाने शिकण्याला याहून अनुकूल जागा नाही. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र ठेवणे हा तर मॉन्टेसोरी पद्धतीचा पायाच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा या पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने मुलांच्या हाती दिली. पुढे कोसबाडला सहकारी अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवली. आमच्या किनाऱ्यावर अशी साधने फुकट आहेत. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मुलाने आठवडाभर खाडीवर ती वेळ टिपली, की तास-मिनिटांचे गणित त्याचे त्यालाच सुटू लागते. जिल्ह्यातल्याच उक्षी गावच्या कातळावर कोरलेला हत्ती पावलांनी मोजता येतो.

सारेच मुलावर सोडावे, असे मात्र नाही. अक्षरओळख आणि पाढे शिक्षकाने समोर बसवून, पुन्हा पुन्हा शिकवावेच लागतात. घरी वाचून दाखवणारे कोणी नसेल, तर अधिकच. २००९चा शिक्षण हक्क कायदा कृतीतून शिक्षण मागतो आणि प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षकही. पट घटला म्हणून दुसरा शिक्षक हलवला आणि उरलेला माहितीचे तक्ते भरत बसला, तर मुलांच्या वाट्याला फळ्यावरचे उतरवून घेणेच येईल. जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेतली दोन्ही पदे भरलेली ठेवावीत.