अंगण वाकडं नव्हतं!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, आणि 'पिकअप'ला मराठीत काय म्हणतात ते कृपया विचारू नका! मराठी विभागाच्या संपादकांनी 'काहीतरी दे' म्हणून महिनाभर पाठ धरली. म्हटलं, ज्या प्रश्नावरून अख्ख्या होस्टेलने माझं डोकं खाल्लंय, त्यावरच लिहून टाकावं. प्रश्न असा : सॉलिड बॉडी गिटारवर जॅझ वाजवता येतो का?

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जॅझवाल्यांची पारंपरिक गिटार आतून पोकळ असते, व्हायोलिनसारखी, वर दोन नक्षीदार भोकं. सॉलिड बॉडी म्हणजे सरळ लाकडाची फळी. तिला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. तारेखाली जे लोहचुंबक आणि कॉइल असते (हाच तो पिकअप), ती तारेच्या कंपनांचा सिग्नल करून अँपला पाठवते. माझी गिटार या दुसऱ्या जातीची. टेलिकास्टरच्या आकाराची कुठल्याशा कंपनीची नक्कल, पास आउट होणाऱ्या एका सीनिअरकडून एफ.ई.ला असताना नऊ हजारांना घेतलेली.

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी गॅदरिंगच्या सिलेक्शनला मी एक साधी जॅझची चाल वाजवली आणि सपशेल पडले. स्टेजच्या लाइटचे डिमर सुरू झाले तशी गिटारीतून गूंऽऽ अशी घरघर सुरू झाली, आवाज पत्र्यासारखा येत होता, आणि मधल्या भागात मी दोनदा कॉर्ड चुकले. खाली उतरल्यावर एक सीनिअर म्हणाला, "अगं, जॅझला पोकळ गिटार लागते. या फळीवर मेटल वाजव."

झालं! मला कारण मिळालं. त्याच रात्री बाबांना फोन केला. "बाबा, या गिटारीवर जॅझ वाजूच शकत नाही. वेगळी घ्यावी लागेल." बाबांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "किती लागतील?" मी आकडा सांगितला. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "एक एफडी आहे. मोडू या."

फोन ठेवला आणि मला झोप लागेना. कारण घरघर गिटारीची होती, पण दोनदा चुकलेली कॉर्ड माझी होती, आणि ते मी बाबांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रूममेट सहज म्हणाली, "तू रात्री प्लग न लावता वाजवतेस ना, ते किती छान वाटतं गं!" (सॉलिड बॉडीचा हा पहिला फायदा, होस्टेलकरांनी नोंद घ्यावी. रात्री अकरानंतर ना रूममेट उठत, ना रेक्टर मॅडम.) मी विचारात पडले. गिटार नुसती छान वाटते आणि अँपला लावली की पत्रा होते, तर बिघाड मध्ये कुठेतरी आहे. आपण ई. अँड टी.सी.चे ना? मग शोधायला काय हरकत आहे?

आधी जरा इतिहास पाहिला. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला तो पोकळ इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि जॅझ गिटार म्हणजे हाच आवाज असं लोकांच्या कानात बसलं. फेंडरची सॉलिड गिटार १९५० मध्ये आली, १९५१ पासून तिचं नाव टेलिकास्टर. १९५२ मध्ये गिब्सनने ज्याच्या नावाने सॉलिड गिटार काढली तो लेस पॉल स्वतः जॅझ वाजवणारा! पुढे १९५८ मध्ये फेंडरने खास जॅझवाल्यांसाठी 'जॅझमास्टर' आणली, तर जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलंच नाही, ती नेली सर्फ संगीतवाल्यांनी. थोडक्यात, नावावर जाऊ नका.

आणि फळीवर जॅझ वाजतो का, याचं उत्तर द्यायला कॅनडाचा एड बिकर्ट एकटा पुरेसा आहे. पॉल डेसमंडच्या 'प्युअर डेसमंड' या रेकॉर्डवर (रेकॉर्डिंग १९७४) तो टेलिकास्टरच वाजवतो. डोळे मिटून ऐका आणि सांगा, पोकळ की भरीव. टेड ग्रीनने 'सोलो गिटार' (१९७७) टेलिकास्टरवर केला. बिल फ्रिसेल आणि ज्युलियन लाज यांच्याही हातात टेलिकास्टर दिसते. 'जॅझ आपला नाहीच' म्हणणाऱ्यांसाठीही एक नाव : अमान्सिओ डिसिल्व्हा. गोवेकर घरातला, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा गिटारिस्ट लंडनला गेला आणि १९६९ मध्ये त्याची 'इंटिग्रेशन' ही रेकॉर्ड निघाली.

मग मी काय केलं? एका वेळी एकच बदल, आणि आधी फुकटचे.

पहिला फुकटचा बदल : ब्रिजजवळचा पिकअप बंद, नेकजवळचा सुरू. ब्रिजपाशी तारेचे वरचे हार्मोनिक्स जास्त मिळतात, म्हणून आवाज टोचतो. नेकपाशी मूळ स्वर भरीव मिळतो. दुसरा : उजवा हात नेककडे सरकवला. तिसरा : टोनचं बटण दहावरून चारवर. हे बटण म्हणजे सिग्नलला समांतर जोडलेला एक कपॅसिटर. आकडेमोड करून बघा. पिकअपचा इंडक्टन्स साडेचार हेन्री आणि पाच मीटर केबलचे ५०० पिकोफॅरड धरले तर रेझोनन्स येतो सुमारे ३,३०० हर्ट्‌झला. टोन शून्यावर नेऊन ०.०२२ मायक्रोफॅरड जोडला की तोच येतो ५०० हर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे शून्यावर निव्वळ चिखल! जॅझ असतो मधे कुठेतरी, तीन ते पाचच्या दरम्यान. व्हायवाला रेझोनन्स विचारला की मी आता गिटारच सांगते.

एवढ्याने निम्मं काम झालं, एक रुपया न खर्चता. आणि बाबा एफडी मोडायला निघाले होते!

मग तारा. आधी माझ्या गिटारीवर ०.००९ इंचाची पहिली तार होती. तीऐवजी ०.०११चा फ्लॅटवाउंड सेट लावला. या तारांवरचं वेटोळं सपाट पट्टीचं असतं, म्हणून बोट सरकताना किरकिर होत नाही आणि आवाज मऊ येतो. पण एक लक्षात ठेवा : त्याच स्वराला ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अकराचा वर्ग भागिले नऊचा वर्ग, म्हणजे पहिल्या तारेवर जवळजवळ दीडपट! ताण वाढला की नेक वाकतो, मग आतला ट्रस रॉड थोडा थोडा फिरवून तो सरळ करायचा, पाव फेरा आणि मग वाट बघायची. म्हणूनच जॅझसाठी फळी निवडताना ब्रिज पक्का बसवलेला बघा. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज जाड तारांनी वर उचलला जातो आणि सगळे सूर बिघडतात. घेण्याआधी नेक एका डोळ्याने बंदुकीसारखा धरून बघा, बाकी सगळं बदलता येतं, पिळलेला नेक येत नाही.

इथेच मी माती खाल्ली. जाड तारा नटच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकत होत्या. मी फिटिंग शॉपची आठवण काढून कानस घेतली आणि उत्साहात एक खाच इतकी खोल केली, की ती तार पहिल्या पडद्यावर आपटून झणझणायला लागली. नवीन नट आणावा लागला.

शेवटचा बदल हमबकरचा. साध्या पिकअपची एक कॉइल आजूबाजूचा ५० हर्ट्‌झचा विजेचा आवाजही पकडते. हमबकरमध्ये दोन कॉइल, उलट्या गुंडाळलेल्या, आणि चुंबकांची दिशाही उलट. त्यामुळे तारेचा सिग्नल जमा होतो आणि घरघर वजा होते. कॉमन मोड रिजेक्शन दुसरं काय असतं? बिकर्टनेही नेकजवळचा मूळ पिकअप काढून हमबकरच बसवला होता. पण तो मोठा असतो, लाकूड कोरावं लागतं. नटनंतर माझी हिंमत होईना, म्हणून गिटार घेऊन गेले वर्कशॉपच्या मामांकडे.

मामांनी फळी उलटसुलट करून पाहिली. "हे वाजतं होय?"

"वाजतं मामा, पण जरा कोरायचंय."

"माप घेतलंस?"

"साधारण..."

"साधारण नको. तीनदा माप घे पोरी, मग पटाशी लावू. कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही."

तीनदा माप घेतलं. दुसऱ्यांदा दोन मिलिमीटर चुकलं होतं! मामांनी जेवणाच्या सुट्टीत, पटाशीने, इतकं स्वच्छ कोरून दिलं की मला माझा पहिल्या वर्षीचा कार्पेंट्रीचा जॉब आठवून लाज वाटली. सोल्डरिंग माझं मी केलं.

हिशोब सांगते. तारा १,४०० रुपये, जुना हमबकर १,५००, तपकीर गल्लीतून आणलेले पॉट्स आणि कपॅसिटर १२०, आणि माझ्या मूर्खपणाचा नट ८०. एकूण ३,१००.

आता माझा आवाज पोकळ गिटारीसारखा येतो का? नाही. पोकळ गिटारीचा स्वर 'टुप्' करून फुलतो आणि लगेच विरतो, त्यातली हवा फळीत येत नाही. ज्याला तोच हवा आहे आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने जरूर घ्यावी. (जोरात वाजवली की ती अँपसमोर कोकलते आणि पावसाळ्यात तिचं पातळ लाकूड रुसतं, एवढं माहीत असू द्या.) माझं म्हणणं एवढंच, की वस्तू बदलण्याआधी आपण काय बदलू शकतो ते करून बघावं. आपल्याकडे प्रोजेक्ट चालला नाही की किट खराब, प्रॅक्टिकल चुकलं की सीआरओ खराब, आणि पेपर अवघड गेला की सेट करणारा खराब! कधी कधी ते खरंही असतं. माझ्या गिटारीची घरघर खरीच होती. पण ती निघून गेल्यावर जे उरलं ते फक्त माझं होतं. आता चुकलेली कॉर्ड अगदी स्वच्छ ऐकू येते!

गिटार तयार झाली त्या रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, एफडी राहू द्या."

"का गं? वाजतो का त्यावर तो जॅझ?"

"वाजतो बाबा. मलाच अजून नीट येत नाही."

बाबा कितीतरी वेळ हसत होते.

पटलं तर घ्या, नाहीतर रात्री अकरानंतर मुलींच्या होस्टेलच्या बाहेरून जाऊन बघा. काहीच ऐकू येणार नाही. त्याचा अर्थ माझा रियाज चालू आहे!

– टी.ई. (ई. अँड टी.सी.), मुलींचे वसतिगृह